दार लावलं, कडी घातली

मी जुना आहे आणि रेडिओ आहे, पण माझ्यातून गाणं कधी कुणी ऐकलं नाही. मित्रांनो, गाणी लावणारे ते माझे चुलत भाऊ. त्यांना नुसतं बोलता येतं. मला बोलताही येतं आणि ऐकताही येतं. फक्त दोन्ही एकाच वेळी जमत नाही. आमच्या सबंध कुळाला हा एकच नियम आहे. बटण दाबून धरलं की बोलायचं, बटण सोडलं की ऐकायचं. माणसांच्या गळ्यालाही असं एखादं बटण हवं होतं, असं मामा म्हणायचे. मामा कोण, ते पुढे येईलच.

सध्या माझा मुक्काम एका स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. एका अंगाला मिठाची बरणी, दुसऱ्या अंगाला काडेपेटी. इतकी वर्षं जीपमध्ये धूळ खाल्ल्यावर ही जागा माझ्या वाट्याला कशी आली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका मान खाली घालून बसलेल्या असत. एकीनं माझ्या पोटात तारा घातल्या, दुसरीनं टाके दिले, तिसरीनं मला आवाज दिला, म्हणजे वाटीएवढा कागदी स्पीकर बसवला. शेवटच्या बाईनं माझ्या तोंडावर जाळीची पत्र्याची पट्टी ठेवून चार स्क्रू आवळले आणि फुंकर मारली. ती फुंकर मी अजून विसरलो नाही. पुढे आयुष्यात पुष्कळ वारा लागला, पण मायेचा तो पहिला.

तिथून मी खोक्यात बसून निघालो तो थेट कथीलकाकांच्या दुकानात. कथीलकाका म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांच्या बोटांना कायम कथिलाचा वास असे, म्हणून हे नाव. ते बोलत कमी आणि बोलले की खिळा ठोकल्यासारखं बोलत. त्यांनी मला एका जीपमध्ये, चालकाच्या डाव्या गुडघ्याजवळ, लोखंडी कोंदणात बसवलं. माझी अँटेना जीपच्या टपावर बरोबर मध्यावर उभी केली. अँटेना म्हणजे आमचा वर केलेला हात. हात जितका उंच, तितकं लांबचं ऐकू येतं.

त्या जीपचा मालक तेव्हा तिशीतला असेल. काळ्याभोर मिशा आणि दगडासारखे खांदे. त्यानं माझा माइक हातात घेतला, बटण दाबलं, आणि काय बोलावं ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "मी बोलतोय."

मागच्या जीपमधून त्याच्या मेहुण्याचा आवाज आला, "मग बोला की."

हेच ते मामा. मालकाच्या बायकोचे धाकटे भाऊ. पुढे मालकाला मुलगी झाली आणि सगळे त्या दोघांना तिच्या तोंडानं बाबा आणि मामा म्हणू लागले. मीही तसंच म्हणतो.

त्यांचं काम सरळ होतं, रस्ता तेवढा वाकडा होता. डोंगरापलीकडे चार वस्त्या आहेत. तिथं पीठ, तेल, औषधं, टपाल आणि माणसं न्यायची. रस्ता असा नाहीच. दगडांतून, नाल्यांतून, कड्याच्या पोटातून चाकांनी काढलेली वाट. एका जीपनं जायचं म्हणजे अडकलो तर ओढणार कोण, म्हणून तीन जीप एकामागे एक जात. वळणं इतकी की पुढच्याला मागचा दिसत नसे. तिथं माझी आणि माझ्या दोन भावंडांची गरज लागली.

पुढच्या जीपचं नाव डोकं, मधलीचं पोट, शेवटचीचं शेपूट. पोट मामा चालवत. त्यांच्याकडे बघितल्यावर ते नाव कुणाला समजावून सांगावं लागत नसे. वाटेतल्या अवघड जागांनाही नावं होती. रडका नाला, कारण तो उन्हाळ्यातही ठिबकत असे. उंटाची पाठ. आणि सगळ्यात वाईट तो आजीचा दात, म्हणजे कड्यातून बाहेर आलेला एकुलता एक सुळका. त्याच्या बाजूनं जीप अंग चोरून न्यावी लागे आणि खाली नुसता उतार.

सुरुवातीला एकदा असं झालं, की डोकं वस्तीवर जाऊन चहा पिऊन बसलं आणि शेपूट तीन तास मागे नाल्यात रुतून राहिलं. बाबांनी हाक दिली नव्हती आणि मागच्याला वाटलं, ते थांबलेच असतील. त्या दिवसापासून एक नेम ठरला. अवघड जागा आली की डोक्यानं ती ओलांडून पलीकडे थांबायचं. मग पोट यायचं. शेवटी शेपूट आलं की त्यानं म्हणायचं, "दार लावलं." तेव्हा शेपूट चालवायला एक म्हातारे चालक होते. घरी सगळ्यात शेवटी येऊन दार लावायचं काम त्यांचं, म्हणून त्यांच्या तोंडात ते आलं. त्यावर बाबा म्हणत, "कडी घातली." आणि मगच पुढची चाकं हलत. एका खेपेत हे सतरा वेळा होई. वाळवंटासारखं ऊन असो की गारठा असो, सतराचे सोळा कधी झाले नाहीत.

घरी आईचाही एक नेम होता. खेपेच्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाक करून झाकून ठेवी आणि अंगणाच्या कट्ट्यावर बसे. शेवटच्या खिंडीतून तीन दिवे उतरताना दिसले की मगच ती आत जाऊन पहिला घास घेई. दोन दिवे दिसले आणि तिसरा जरा मागे असला, तरी ती उठत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "भूक काय, ती थांबते. तिला सवय लावली की झालं."

मित्रांनो, माझी ती उमेदीची वर्षं. चालकांच्या गप्पांत माझं कौतुक होई. गारांनी माझी तार तुटली, कथीलकाकांनी जोडली. एकदा चहा सांडला, मी दोन दिवस गोडगोड खरखरलो. आणि एकदा उंटाच्या पाठीवर असा गचका बसला, की माझ्या तोंडावरच्या पट्टीचे तीन स्क्रू ढिले झाले. तेव्हापासून कुणी बोललं की माझी पट्टी थरथरायची आणि बारीक खडखडायची. बाबा म्हणाले, बघू पुढच्या वेळी. पुढची वेळ आलीच नाही. आधी ती त्यांच्या आळसामुळे आली नाही. मग मात्र कारण वेगळं होतं.

ते कारण फक्त मला ठाऊक होतं.

बाबांचे कान जाऊ लागले होते. वीस-पंचवीस वर्षं इंजिनाशेजारी बसणाऱ्याचे जातात. ते एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली. मग नाल्याचं ठिबकणं गेलं. मग मागच्या बाकावरच्या प्रवाशांचं बोलणं. प्रत्येक वेळी बाबा माझा आवाज थोडा वाढवत. वाढवता वाढवता माझं चाक शेवटाला टेकलं. आणि एकदा, आजीच्या दाताच्या पलीकडे थांबलेले असताना, त्यांनी सहज आपला डावा तळहात माझ्या ढिल्या पट्टीवर ठेवला. मागून "दार लावलं" आलं. माझी पट्टी त्यांच्या हाताखाली थरथरली. बाबांनी चमकून हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "कडी घातली."

त्यानंतर ते अर्धं कानानं आणि अर्धं तळहातानं ऐकू लागले. मामांचा आवाज जाड, तो मनगटापर्यंत जायचा. लेकीचा आवाज बारीक, तो बोटांच्या टोकांशी खेळायचा. हो, तोवर म्हातारे चालक थकले होते आणि शेपूट लेक चालवू लागली होती. लोकांना वाटे, बाबांचा माझ्यावर फार जीव, म्हणून सारखा हात ठेवतात. मामा तर म्हणायचे, "भाऊजी, ताईचा हात कधी एवढा धरला नसेल." बाबा हसत. त्यांना ते ऐकू आलेलं नसे, पण मामा हसले की आपण हसायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. बहिऱ्या माणसामागे कड्याच्या पोटातून कोण येईल? वस्तीवरची माणसं "बाबा आहेत ना पुढे" एवढ्या एका वाक्यावर डोळे मिटून बसत. ते वाक्य गेलं की आपण उरलो काय, असं त्यांना वाटत असणार. पण मित्रांनो, मी मात्र प्रत्येक गचक्याला माझे स्क्रू मोजी. कारण ज्या तीन ढिल्या स्क्रूंवर तीन गाड्यांचा जीव टांगला होता, ते कधीही गळून पडले असते.

ते गळले नाहीत. ते आवळले गेले.

त्याचं असं झालं. लेकीनं मनावर घेतलं की आता नवे रेडिओ घ्यायचे. आम्ही तिघं भावंडं जुनी झालो होतो; मधल्या जीपमधला तर मधूनच मुका होई. तिनं कथीलकाकांना विचारलं, कोणते चांगले, किती लांब जातात. त्यांनी दोन तऱ्हेचे नमुने दाखवले. एक, तळहातात मावणारे छोटे. दुसरे, आमच्यासारखे गाडीत बसवायचे. छोट्यांच्या खोक्यावर कोसाकोसांचा आकडा छापलेला होता. लेक तो वाचून खूश झाली. कथीलकाका म्हणाले, "आकडा मैदानातला आहे. डोंगर खोकं वाचत नाही."

बाबांनी मात्र नव्याचं नाव काढू दिलं नाही. माझ्यावर हात ठेवून म्हणाले, हा आहे तो बरा आहे. लेकीला वाटलं, बाबांची माया आहे, कशाला तोडा. निदान त्यांच्या लाडक्याला नीटनेटकं तरी करू. म्हणून खेपेच्या आदल्या दिवशी दुपारी, बाबा झोपलेले असताना, ती शेडमध्ये आली. तिनं ओल्या फडक्यानं माझी धूळ पुसली. दातांच्या ब्रशनं जाळीची भोकं साफ केली. पट्टीखाली नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, मऊ तुकडा घातला, की खडखड होऊ नये. आणि चारही स्क्रू घट्ट आवळले. शेवटी फुंकर मारली.

मी जन्मलो त्या दिवसाची आठवण झाली. आणि ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, थांब. पण बटण दुसऱ्यानं दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला चकचकीत पाहिलं आणि लेकीकडे बघून मान डोलावली. पहिल्या अवघड जागेपाशी ते थांबले, हात ठेवला. मागून आवाज आला. माझी पट्टी हलली नाही. मी पाहिलं, त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी हात दोनदा उचलून परत ठेवला. मग ते आरशात बघून, मनात मोजून, नेहमीएवढा वेळ गेला की "कडी घातली" म्हणू लागले. पहिल्या आठ जागा अशाच गेल्या. ते परत फिरले असते, तर एक खेप बुडाली असती आणि एक गोष्ट उघडी पडली असती. ते फिरले नाहीत.

नववी जागा आजीचा दात.

डोकं पलीकडे गेलं आणि वळणाआड थांबलं. पोट गेलं. शेपटात लेक होती आणि तिच्या शेजारी वस्तीवरच्या शाळेच्या बाई, मांडीवर वह्यांचं खोकं घेऊन. सुळक्याजवळ एक दगड निसटला आणि शेपटाचं मागचं डावं चाक कडेवरून खाली गेलं. जीप कलली आणि तळाखालच्या एका धोंड्यावर टेकून राहिली. खोक्यातल्या वह्या उतारावरून पांढऱ्या पाखरांसारख्या गेल्या.

लेकीनं बटण दाबलं. माझ्यातून तिचा आवाज आला, स्वच्छ, एकही खरखर नाही. "डोकं, थांबा. शेपूट अडकलंय. चाक खाली आहे. दोर घेऊन या."

बाबा आरशात बघत होते. आरशात वळण होतं. त्यांनी मनात मोजून पुरं केलं, माइक उचलला आणि म्हणाले, "कडी घातली."

मित्रांनो, माझ्यातून आजवर हजारो शब्द गेले. हे दोन परत घेता आले असते, तर मी माझ्या सगळ्या तारा देऊन टाकल्या असत्या. तिकडे मुलगी कड्याला टांगलेली, आणि तिच्या कानात बापाचा शांत आवाज, की सगळं ठीक आहे, आम्ही निघालो.

डोकं निघालंही. लेकीची हाक ऐकलेल्या मामांनी ते बघितलं आणि त्यांना काही कळेना, पण त्यांनी कळायची वाट बघितली नाही. हॉर्नवर हात दाबून धरला, दिवे उघडझाप करत पोट इतकं जोरात पळवलं, की ते डोक्याच्या आरशात भरून गेलं. बाबांनी ब्रेक दाबला. मामांनी धावत येऊन मागे हात दाखवला. पुढचं बाबांना ऐकायची गरज पडली नाही. दोर घेऊन ते असे पळाले, की पंचवीस वर्षांपूर्वीचे खांदे मला परत दिसले.

शाळेच्या बाईंना आधी बाहेर काढलं. मग दोन जीपनी मिळून शेपूट ओढून घेतलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त वह्या गेल्या.

"बाबा, मी तीन वेळा हाक मारली," लेक म्हणाली. ते तिच्या ओठांकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जुना झालाय. बंद पडला असेल."

मला वाईट वाटलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल. पण त्या वेळी त्यांचा आवाज ऐकला असता, तर तुम्हीही रागावला नसता.

मला कोंदणातून काढलं आणि शेडमधल्या एका खोक्यात, जुन्या फॅनबेल्टांच्या वर ठेवलं. लेकीनं आता कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलं. कथीलकाकांकडून छोटे रेडिओ वापरून बघायला आणले. रडक्या नाल्यापर्यंत नेऊन पाहिले. मामांना ऐकू आलं, तिला ऐकू आलं, बाबांना नाही. ती म्हणाली, हे कुचकामी. मग गाडीत बसवायचे आणले. तेच झालं. कथीलकाकांनी ते रेडिओ टेबलावर लावून पाहिले, ठणठणीत. त्यांनी बाबांकडे जरा जास्त वेळ बघितलं, एवढंच.

पुढच्या खेपेच्या दिवशी सकाळी बाबा शेडमध्ये आले. त्यांनी मला खोक्यातून काढून मांडीवर घेतलं. खिशातून एक नाणं काढलं आणि त्याच्या कडेनं माझे स्क्रू ढिले करू लागले. पहिला, दुसरा. नाणं निसटत होतं. पट्टीखालचा नमदा त्यांनी काढून खिशात ठेवला.

लेक दारात उभी होती. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. मग ती हळूच पुढे आली आणि त्यांच्या पाठीमागे उभं राहून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, शेडला आग लागलीय."

बाबा तिसरा स्क्रू ढिला करत राहिले.

ती समोर येऊन जमिनीवर बसली. नाण्याकडे, स्क्रूंकडे, त्यांच्या तळहाताकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःचा तळहात माझ्या पट्टीवर ठेवला. सगळं तिला तिथंच समजलं. तिचं तोंड इतकं पांढरं झालं, की बाबांना वाटलं, तिला बरं नाही.

"मी तुमचा कान बंद केला," ती म्हणाली, हळू, ओठ नीट हलवत.

बाबांनी मान हलवली. "स्क्रू तू आवळलेस. तोंड मी आवळून बसलो होतो."

मग ते बोलले. किती वर्षांपासून, ते सांगितलं. आधी पाखरं गेली, तेही सांगितलं. म्हणाले, तुझी हाक मला ऐकू आली नाही हे एक दुःख. पण त्यावर मी 'कडी घातली' म्हणालो, हे फार मोठं. ते खोटं होतं, आणि ते मी तुझ्या जिवावर बोललो. आता किल्ली तू ठेव. त्यांनी जीपची किल्ली तिच्यापुढे केली.

तिनं ती घेतली नाही. ती उठून आत गेली आणि आईला घेऊन आली. तिला वाटलं, आईला धक्का बसेल. आई पदराला हात पुसत शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक आहे की. गेली तीन वर्षं हे मला सारखे 'हो' म्हणतात. आधीच्या पंचवीस वर्षांत कधी एवढं हो म्हणाले नव्हते. तेव्हाच समजले."

"मग बोलली का नाहीस?"

आई बाबांच्या शेजारी बसली. "वाटलं, आपण होऊन सांगतील. माणसाचं झाकलेलं आपण कशाला उघडा. चुकलंच माझं. मी रोज तीन दिवे मोजत बसले, आणि घरातला एक विझत होता तो मोजला नाही."

त्या दिवशी खेप गेली नाही. मामांनी वस्तीवर निरोप धाडला आणि सगळे कथीलकाकांकडे गेले. या वेळी रेडिओ निवडायची रीतच बदलली. कथीलकाकांनी एकही खोकं उघडण्याआधी बाबांना समोर बसवलं आणि मोठ्यानं विचारलं, "रेडिओचं राहू द्या. तुम्हाला काय ऐकू येतं, ते आधी सांगा."

बारीक आवाज येत नाही, जाड येतो. अंगाला लागलेला थरथराट येतो. इंजिन चालू असताना डाव्या कानाला थोडं, उजव्याला काही नाही. काकांनी सगळं कागदावर लिहून घेतलं. आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा म्हणाले. त्यांनी तपासून कानात बसवायचं छोटं यंत्र दिलं, आणि हेही सांगितलं, की इंजिनाच्या गोंगाटात नुसत्या त्याच्यावर विसंबू नका.

मग आठवडाभर निवड चालली. टेबलावर नव्हे, डोंगरात. इंजिन चालू ठेवून बाबा पुढे बसत, मी त्यांच्या मांडीवर, तुलनेला. छोटे रेडिओ वळणाआड गेले की मुके होत. पण खाली उतरून चाकाला वाट दाखवणाऱ्याच्या खिशात ते फार कामाचे, म्हणून त्यांतला एक ठेवला. एक गाडीत बसवायचा होता, दिसायला देखणा, पण आवाज किरटा. त्यात बाबांचा चेहरा कोराच राही. दुसरा काळा, ठोकळ्यासारखा, जाड आवाजाचा. त्याला वेगळा स्पीकर जोडायची सोय होती. कथीलकाकांनी फळ्यांचा एक खोका केला, त्यात ताटलीएवढा स्पीकर बसवला आणि तो बाबांच्या आसनाच्या पाठीला बोल्टनं पक्का केला, बरोबर कमरेच्या वर. कोणत्या लहरीवर बोलायला परवानगी आहे, तेही पाहून घेतलं.

लेक शेपटात बसून आजीच्या दाताच्या अलीकडे गेली. तिनं ती जागा हळूहळू ओलांडली. एक-दोन-तीन म्हणून तपासायची रीत असते, पण ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "बाबा, दार लावलं."

बाबांची पाठ ताठ झाली. तो आवाज त्यांच्या पाठीतून शिरून छातीपर्यंत गेला, हे मी मांडीवरून पाहिलं. त्यांनी माइक घेतला, बटण दाबलं, आणि दाबूनच राहिले. आता एकानं बटण दाबलं की दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "कडी घातली," आणि बटण सुटलं. लगेच मामांचा आवाज आला, "जरा लवकर सोडत जा, भाऊजी. आम्हालाही नाक ओढायचं होतं."

राहिलं एक काम. बाबा शाळेच्या बाईंकडे स्वतः गेले आणि सगळं सांगितलं. म्हणाले, त्या दिवशी रेडिओ बंद पडला नव्हता. आता तुम्ही माझ्या मागे यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तर मग मी मागे कशाला बसू? मी पुढे बसते. मागून काय आलं ते तुमच्याकडे बघून सांगेन. शाळेत दिवसभर एकच गोष्ट तीनतीनदा सांगायची मला सवय आहे." तेव्हापासून नेमात एक भर पडली. डोक्यात चालक एकटा बसायचा नाही. कुणीतरी शेजारी हवं, आणि मागून आलेलं त्यानं बटण दाबून पुन्हा म्हणून दाखवायचं. ते म्हणून दाखवेपर्यंत कडी नाही.

कानातलं यंत्र बसवून बाबा पहिल्यांदा घरी आले, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आई पीठ मळता मळता काहीतरी गुणगुणत होती. "तू गुणगुणतेस?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "रोजच." आताशा ते तिला पुन्हा 'नाही' म्हणू लागले आहेत. ती तक्रार करते, पण तक्रार करताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आणि मी? मला भंगारात टाकायला निघाले होते मामा. बाबांनी मला उचललं आणि कथीलकाकांना म्हणाले, याला घरी बसवा. घराच्या छपरावर नळी उभी राहिली, तिच्यावर माझा हात. शेवटच्या खिंडीत आवाज पोचतो. आई आता कट्ट्यावर बसून दिवे मोजत नाही. तिचा नेम तसाच आहे, फक्त ती तो माझ्याजवळ बसून पाळते.

माझे तीन स्क्रू अजून ढिले आहेत. कुणी आवळत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू खडखडत असेल, तर तिला जरूर पुसा, तेल द्या, फुंकर मारा. पण घट्ट आवळण्याआधी एवढं विचारा, की हिच्यावर कुणाचा हात असतो. आणि घरातलं कुणी एकाएकी सगळ्याला हो म्हणायला लागलं, उगाच हसायला लागलं, तर लांबून हाका मारू नका. समोर जाऊन बसा.

आता दिवेलागण होत आली. भात उतरवून आई फळीपाशी आली आहे. खिंडीतून लेकीचा बारीक आवाज येतो, "दार लावलं." मग आज खेपेबरोबर परत येणाऱ्या बाईंचा, तेच शब्द पुन्हा. मग बाबांचा, जाड, घाई नसलेला, "कडी घातली."

आई बटण दाबते, म्हणते, "पानं घेते," आणि बटण सोडते. तिचे कान अगदी चांगले आहेत. तरी तिचा तळहात अजून माझ्या पट्टीवर आहे.